आयटीआय झालेली मुलं कंपनी 'ट्रेनी' म्हणून मागते. संस्थेच्या प्लेसमेंटवाल्याने काय तपासावं?

करार सरकारच्या अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) पोर्टलवर नोंदवणार का, हे सगळ्यात आधी विचारा. नोंदणी नसेल तर ती १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी धरली जात नाही. वर्षभर मशीनवर राबूनही मुलगा राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू शकत नाही आणि पुढच्या कंपनीत पुन्हा नवखाच ठरतो. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला कामगारसंख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारकच आहे, तेव्हा आग्रह धरायला संकोच नको. मग विद्यावेतनातून खोलीभाडं, मेस, बस वजा करून हातात काय उरतं ते मुलासमोर कागदावर मांडा. गावाकडून आलेली मुलं बहुधा इथेच गळतात. मात्र करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर कंपनीने नोकरी द्यायलाच हवी असं नाही, म्हणून पालकांना 'परमनंट'चा शब्द देऊ नका.