नागपूरहून द्वारका-सोमनाथ-दीव: सहा दिवसांत एसटीने फिरावं की गाडी करावी?

चौघं असाल तर सरळ द्वारकेतून गाडी करा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दीवपर्यंत उतरा. आम्ही मागच्या डिसेंबरात हेच केलं. द्वारका ते सोमनाथ, पोरबंदरवरून, साधारण 235 किलोमीटर. गुजरात एसटी आहे, पण खरी मजा मधल्या थांब्यांत आहे. माधवपूरला रस्ता समुद्राला इतका खेटून जातो की गाडीच्या काचेवर मिठाचा थर बसतो. आपल्यासारख्या विदर्भातल्या माणसाला तिथून हलवत नाही! बसवाला काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

बेट द्वारकेला आता नावेची गरज नाही, 2024 पासून सुदर्शन सेतूवरून गाडी थेट जाते. द्वारकाधीश मंदिर दुपारी बंद असतं, तेव्हाच बेटावर जाऊ नका, तिथलंही बंद असतं.

नागपूरहून ओखा गाड्या थेट द्वारकेला थांबतात, पण रोज नाहीत. आधी वार बघा, मग सुट्टी टाका. परतताना सोमनाथजवळच्या वेरावळहून अहमदाबाद गाठा.

एकटे असाल तर मात्र एसटीच परवडेल. गीरही करायचं असेल तर 16 जून ते 15 ऑक्टोबर टाळा, सफारी बंद असते. आणि दीवची बाटली दीवमध्येच संपवा, गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीजवळच्या उन्याच्या नाक्यावर तपासतात.