पाण्यातल्या प्रकाशाचा वेगही सर्वांना सारखाच दिसतो का?

प्रश्न : प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच दिसतो, असं पुस्तकात आहे. पण पाण्यात शिरला की प्रकाश मंदावतो. मग तो कमी झालेला वेगही सगळ्यांना सारखाच दिसतो का?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही दिसत. तू हे विचारलंस याचा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय, पण 'प्रकाशाचा वेग स्थिर असतो' एवढं पाठ करून मुलं पुढे सरकतात. कुठला वेग, कुठे मोजलेला, हे विचारायला फारसं कुणी थांबत नाही.

सर्वांना सारखा दिसणारा वेग एकच, प्रकाशाचा निर्वात पोकळीतला : सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. त्याला 'सी' म्हणू आणि बाकीचे वेग त्याच्या पटीत मोजू. मग आइन्स्टाइनचा वेग मिळवण्याचा नियम अगदी सुटसुटीत होतो. दोन वेगांची बेरीज करायची आणि तिला '१ अधिक त्यांचा गुणाकार' याने भागायचं.

आता वही घे. पाण्यात प्रकाशाचा वेग साधारण ०.७५. ते पाणीच आपल्या समोरून ०.५ वेगाने, प्रकाशाच्याच दिशेने चाललंय असं धर. बेरीज १.२५, गुणाकार ०.३७५. म्हणजे १.२५ भागिले १.३७५, सुमारे ०.९१. पाण्याबरोबर जाणाऱ्याला ०.७५, काठावरच्याला ०.९१. वेग बदलला. आता ०.७५ च्या जागी १ घाल. वर १.५, खाली १.५, उत्तर १. ०.५ ऐवजी ०.२ घाल, ०.९ घाल, उत्तर १ च येतं. आणि ०.७५ च्या जागी ०.९९ घातलंस तर? करून बघ, ०.९९ परत मिळत नाही. ही जादू फक्त १ कडे आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १८५१ साली फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिझो यांनी दोन नळ्यांतून उलटसुलट दिशांनी पाणी सोडलं, वेग सेकंदाला जेमतेम सात मीटर. प्रकाशाच्या एका शलाकेचे दोन भाग केले. एक भाग सगळा वेळ प्रवाहाबरोबर, दुसरा सगळा वेळ प्रवाहाविरुद्ध. दोन्ही पुन्हा एकत्र आणले, तर व्यतिकरणाचे पट्टे (दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणारे उजळ-काळे पट्टे) सरकलेले! म्हणजे वाहत्या पाण्यात प्रकाशाचा वेग बदलतो. पण पाण्याचा सगळा वेग काही त्यात मिळत नाही, निम्म्याहून थोडा कमीच मिळतो. हा विचित्र अपूर्णांक समजावण्यासाठी त्या काळी ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं समजलं जाणारं काल्पनिक माध्यम, पाण्याबरोबर अर्धवट ओढला जातो असं मानावं लागे. १९०७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए यांनी दाखवलं की आपण आत्ता वापरला तोच नियम लावला की तो अपूर्णांक आपोआप येतो, ईथर लागतच नाही. हा पुरावा पाठ्यपुस्तकात यायला हवा असं मला फार वाटतं.

'सी' ही प्रकाशाची खासगी मालमत्ताही नाही. वस्तुमान नसलेली कुठलीही गोष्ट निर्वात पोकळीत याच वेगाने जाते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले तरंग) पृथ्वीवर टिपल्या गेल्या. (अशा लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे.) त्याच टकरीतले गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, १.७ सेकंदांनी आले. प्रवास होता सुमारे १३ कोटी वर्षांचा. म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ तंतोतंत एकच.