‘5 स्टार’ फ्लॅटसाठी साडेचार लाख जास्त द्यावेत का?

प्रश्न: आम्ही म्हापशात भाड्याने राहतो. पर्वरीत दोन फ्लॅट पसंत पडलेत. दोन्ही टू बीएचके, कार्पेट 68 चौरस मीटर, बांधकाम चालू. एक 68 लाखांना आहे, दुसरा 72.5 लाखांना. दुसऱ्याचा बिल्डर म्हणतो, इमारत ‘5 स्टार एनर्जी रेटिंग’ची आहे, विजेचे बिल पाव हिश्शाने उतरेल आणि जादा पैसे वसूल होतील. सध्या दोन एसी धरून वर्षाला 31,000 रुपये बिल येते. 50 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी 8.5 टक्क्यांनी मिळते आहे. वरचे पैसेही कर्जातूनच काढावे लागतील. काय करावे?

उत्तर: बिलातून हे पैसे वसूल होणार नाहीत, एवढे आधी पक्के धरा. साडेचार लाखांवर महिना सुमारे 3,900 रुपये हप्ता बसतो, म्हणजे वर्षाला जवळपास 47,000. तुमचे अख्खे बिल 31,000 आहे. बिल्डरचा शब्द खरा मानला तरी बचत 7,750 रुपये. शिवाय बांधकामाधीन घर असल्याने वरच्या रकमेवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 22,500 जातील.

पाव हिश्शाचा आकडाही मला सढळ वाटतो. भिंती-खिडक्या चांगल्या असल्या की एसी आणि पंख्याचा भार हलका होतो; फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन पूर्वीइतकेच खातात. तरी 7,750 धरू. विजेचा दर दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढेल असे मानून 20 वर्षांची बचत तुमच्याच व्याजदराने आजच्या पैशांत आणली, तर ती एक लाखाच्या आतच भरते.

एका गोष्टीने हिशेब बदलू शकतो. काही बँका हरित प्रमाणपत्र (इमारत ऊर्जा-पाणी वाचवणारी असल्याचा दाखला) असलेल्या घराला व्याजात सवलत देतात. तुमच्या बँकेने पाव टक्का सोडला, तर 50 लाखांवर हप्ता महिना 788 रुपयांनी उतरतो. वर्षाला साडेनऊ हजार झाले, विजेच्या बचतीपेक्षा जास्त. आजच्या पैशांत त्याची किंमत सुमारे 90,000. बँकेकडून हे लेखी घ्या, आणि कोणते प्रमाणपत्र व कोणत्या टप्प्यावरचे चालते तेही त्यात लिहून मागा.

कारण ‘5 स्टार’ हा शब्द फार सैल वापरला जातो. बीईईचे, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार ऊर्जेपुरते असतात. हरित इमारतींना गुण देणारी ‘गृह’ संस्थाही 1 ते 5 स्टार देते, पण त्यात पाणी, कचरा, जागेची निवड असे बरेच काही मोजले जाते. आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिल, स्टार देतच नाही, तिथे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असते, आणि पूर्वप्रमाणपत्र नकाशे पाहून मिळते. इमारत उभी राहीपर्यंत खिडकीची काच बदलली, ब्लॉक बदलले, की नकाशावरचे गुण कागदावरच राहतात. म्हणून नोंदणी क्रमांक आणि टप्पा विचारा. लॉबीतल्या एसीवरचा स्टार दाखवून कोणी इमारतीचे रेटिंग सांगत असेल, तर तो मुद्दा तिथेच सोडून द्या.

आता टेप घेऊन साइटवर जा. गोव्याचे हवामान उष्ण-दमट. इथे घर सुसह्य होते ते वारा खेळल्याने. 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे राहत्या इमारतींसाठीची ऊर्जा-नियमावली, अशा हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र कार्पेटच्या किमान 16.66 टक्के मागते. तुमच्या फ्लॅटला ते 11.3 चौरस मीटर होते. दीड बाय 1.2 मीटरची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणून ती 0.9 चौरस मीटर धरायची. अशा चार खिडक्या आणि बाल्कनीचे 2.4 बाय 2.1 मीटरचे सरकते दार मिळून सहाच्या आसपास येतात. जवळपास निम्मी तूट! बाहेर उघडणारे पल्ले लावले, तर त्याच भोकांतून जवळपास दुप्पट वारा येतो.

मग दुपारी साडेतीनला पश्चिमेच्या बेडरूममध्ये उभे राहा आणि भिंतीला आतून तळवा लावून पाहा. खिडकीवर सज्जा किती बाहेर आला आहे तेही बघा. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, नुसता दीड फुटाचा सज्जा ते अडवत नाही. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर उष्णता चिऱ्यापेक्षा कमी आत येते, पण काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी मारली नसेल तर तिथे भेग जाते, आपल्या पावसात पाणी मुरते, आणि ओली भिंत उष्णता जास्तच आत सोडते. छताखालचा मजला असेल, तर गच्चीवर पत्रे किंवा पांढरे चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) येणार आहे का, हे विचाराच.

माझे मत: रेटिंगच्या फ्लॅटला दीड लाखापर्यंत जास्त द्या, तेही बँकेची सवलत लेखी आली तर. सवलत नसेल तर 75,000 च्या वर जाऊ नका. काच, ब्लॉकची जाडी, पल्ल्यांचा प्रकार आणि अंतिम प्रमाणपत्राची मुदत नोंदणीकृत करारात घाला. रेरा कायद्याच्या 13व्या कलमाप्रमाणे करार नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि 12व्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानाने नुकसान झाले तर भरपाई मागता येते. माहितीपत्रक जपून ठेवा.

बिल्डर उतरत नसेल तर 68 लाखांचा घ्या, फक्त वाऱ्याची आणि पश्चिमेची परीक्षा तो पास व्हायला हवा. पंखे नाहीतरी नवेच लागतील, ते बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. 75 वॅटऐवजी 30 वॅट, रोज 15 तास, वर्षाचे 330 दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे 220 युनिट वाचतात. एसी घेताना स्टारपेक्षा लेबलवरचे वर्षाचे युनिट वाचा. ते 1,600 तासांच्या वापराचे असतात. शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा, तो वीज खात्याच्या बिलावर छापलेला असतो. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक सात वर्षांत भरून येत नसेल, तर स्वस्त घ्या. गच्चीचा हक्क सोसायटीकडे राहणार असेल तर लिफ्ट-पंपासाठी सौर पॅनेलचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणून गच्ची कोणाच्या नावावर, हे कलम सही करण्याआधी वाचा.