अमेरिकेतल्या शहरांना आपल्याच केंद्र सरकारकडे लॉबिंग का करावं लागतं? आणि काय मागायचं हे ठरवतं कोण?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतलं एखादं किनाऱ्यावरचं शहर पैसे मोजून वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट (सरकारदरबारी आपल्या मागण्या पुढे रेटणारा माणूस) ठेवतं आणि दरवर्षी ‘केंद्राकडच्या आमच्या मागण्या’ असा ठराव करतं, ते कशासाठी? निवडून दिलेला खासदार काय करतो मग?

मी धोरणतज्ज्ञ नाही, एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते. पण गेली चौदा वर्षं मी जिथे राहते, तिथे या प्रश्नाचं उत्तर रात्री दोन वाजता खिडकीतून घरात येतं. सडक्या अंड्यांच्या वासाचं. म्हणून लिहायला घेतलं.

गाव इंपीरियल बीच. कॅलिफोर्नियाचं अगदी खालचं टोक, पलीकडे लगेच मेक्सिको. वस्ती 26 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी लहान नगरपरिषद. इथले लोक गावाला नुसतं ‘आयबी’ म्हणतात. मी मूळची मालवणची, त्यामुळे घर घेताना समुद्र दिसला आणि बाकी काही बघितलंच नाही. आता अशी गत आहे की समुद्र रोज दिसतो, पण पायही बुडवता येत नाही. आमच्या किनाऱ्याचा काही भाग सलग 1000 दिवसांहून जास्त काळ बंद होता. धक्क्यावर फिरायला जायचं, पाटी वाचायची आणि परत यायचं.

कारण तिहुआना नदी. ती मेक्सिकोतून उत्तरेकडे वाहत अमेरिकेत शिरते आणि आमच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. वरच्या अंगाला तिहुआना शहर, वस्ती वीस लाखांच्या घरात. तिथल्या गटारांची आणि पंपांची क्षमता वस्तीच्या वाढीपुढे कधीच तोकडी पडली. उरलेलं मैलापाणी नदीतून आणि समुद्रातून आमच्याकडे येतं.

आता आमच्या नगरपालिकेने यावर काय करावं? मेक्सिकोशी बोलता येत नाही, ते परराष्ट्र धोरण. नदीवर बांध घालता येत नाही, ती आंतरराष्ट्रीय नदी. सीमेलगत अमेरिकेच्या हद्दीत मैलापाणी शुद्ध करणारा जो प्रकल्प आहे, तो नगरपालिकेचा नाही, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) नाही आणि राज्याचाही नाही. तो आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगाचा. या आयोगाला आजचं रूप 1944 च्या पाणीवाटप कराराने दिलं, आणि त्याचा अमेरिकेकडचा भाग परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतो. म्हणजे आमच्या गटाराचे पैसे मंजूर होतात ते परदेशी मदत आणि वकिलातींच्या खर्चाबरोबर! मला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं.

लॉबिस्टचं काम मला इथे समजलं. अमेरिकेचं बजेट बारा वेगवेगळ्या विधेयकांत विभागलेलं असतं आणि प्रत्येकाची उपसमिती वेगळी. किनाऱ्यावर वाळू टाकायची तर ती लष्कराच्या इंजिनियर कोअरकडे, म्हणजे ऊर्जा आणि पाणी विधेयकात. पिण्याचं पाणी केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडे, ते तिसऱ्याच विधेयकात. गावातल्या माणसाला वाटतं, मैलापाणी आहे म्हणजे पर्यावरणवाल्यांना गाठावं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोणतं दुखणं कोणत्या टेबलावर न्यायचं, त्या टेबलावर कोण बसतो आणि तो कागद कोणत्या महिन्यात घेतो, हे माहीत असलेला माणूस शहर भाड्याने घेतं. आपल्याकडे याला ‘पाठपुरावा’ म्हणतात आणि तो बहुतेक वेळा नगराध्यक्षाचा एखादा मंत्रालयातला ओळखीचा करतो. इथे त्याचं बिल येतं, एवढाच फरक.

खासदाराचं म्हणाल तर आमचे प्रतिनिधी हुआन वर्गास या प्रश्नावर बोलतात, शेजारचे स्कॉट पीटर्सही बोलतात. पण अमेरिकेत एका प्रतिनिधीमागे साडेसात लाखांच्या वर माणसं आहेत. आम्ही त्यातले 26 हजार. त्यांच्याकडे मागण्या घेऊन येणारी शहरं, बंदरं, पाणीपुरवठा मंडळं आणि विद्यापीठं रांगेत असतात. प्रतिनिधी दार उघडून देतो. दाराशी नेमका कोणता कागद घेऊन उभं राहायचं, त्याची तयारी शहराची.

कागद नेमका नसला तर काय होतं, त्याचा आमच्याइतका कडू दाखला शोधून सापडणार नाही. 2020 च्या जानेवारीत अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या नव्या व्यापार कराराच्या कायद्यावर सही झाली. त्यात सीमेवरच्या मैलापाण्यासाठी 30 कोटी डॉलर होते. गावात आनंदीआनंद. पण पैसे दिले होते पर्यावरण संस्थेला आणि प्रकल्प होता सीमा आयोगाचा. एका खात्याने दुसऱ्याला हे पैसे द्यायचे तर कायद्यात तशी परवानगी हवी, आणि ती लिहायची राहिली होती. ते एक वाक्य मिळवायला 2022 चा डिसेंबर उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! त्या काळात आमच्या मागण्यांच्या यादीत सगळ्यात वरचं कलम पैशाचं नव्हतं, या वाक्याचं होतं. ते एक वाक्य मिळालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की शहराची ‘प्राधान्यं’ म्हणजे पैशांचीच यादी असते, हा माझा समज चुकीचा होता.

पुढची कथाही भिजत घोंगडं. पैसे वापरायची वाट मोकळी झाली तेव्हा 2023 मध्ये उघड झालं की असलेला प्रकल्पच इतका मोडकळीला आलाय की नुसत्या दुरुस्तीला 15 कोटी डॉलर लागतील. क्षमता दिवसाला अडीच कोटी गॅलन, आपल्या महापालिकांच्या भाषेत सुमारे 95 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). ती दुप्पट करायची आणि जुनं दुरुस्तही करायचं, तर हिशेब 60 कोटींच्या आसपास गेला. मग पुन्हा वॉशिंग्टन. मार्च 2024 मध्ये आयोगाच्या बांधकामाच्या तरतुदीत 10 कोटी 30 लाखांची वाढ मिळाली, आणि 2024 च्या डिसेंबरात आपत्ती मदतीच्या कायद्यात आणखी 25 कोटी.

तुम्हाला महाराष्ट्रातली सरकारी कामं माहीत असतील तर एक गोष्ट पटकन कळेल. काँग्रेसची (म्हणजे इथल्या संसदेची, पक्षाची नव्हे) मंजुरी ही आपल्या प्रशासकीय मान्यतेसारखी. मान्यता मिळाली म्हणजे निधी आला असं नाही. आमच्या उत्तरेला सोलाना बीच आणि एन्सिनिटास ही दोन शहरं आहेत. त्यांच्या वाळूच्या प्रकल्पाला काँग्रेसने 2016 मध्ये मान्यता दिली. पैसे, 3 कोटी 5 लाख डॉलर, मिळाले 2022 मध्ये. वाळू प्रत्यक्ष किनाऱ्यावर पडली 2024 मध्ये. त्या आधीचा अभ्यास वेगळाच. या सगळ्या काळात दोन्ही शहरांच्या यादीत तेच कलम दरवर्षी राहिलं पाहिजे, नगरसेवक बदलले तरी. कंटाळा आला की संपलं.

आता यादी ठरते कशी. शहराचा सिटी मॅनेजर (आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा, पण नेमणूक राज्याची नाही, कौन्सिलची, म्हणजे नगरसेवकांच्या सभेची) सगळ्या विभागांना विचारतो, लॉबिस्टशी बसतो, मसुदा करतो आणि साधारण हिवाळ्यात तो कौन्सिलपुढे येतो. हिवाळ्यात का, तर देशभरच्या महापौरांची बैठक जानेवारीत आणि शहरांच्या संघटनेची परिषद मार्चमध्ये वॉशिंग्टनमध्ये भरते, आणि खासदारांकडे स्थानिक कामांचे अर्ज वसंतात द्यायचे असतात. बऱ्याच शहरांत हा ठराव ‘कन्सेंट कॅलेंडर’वर असतो, म्हणजे दहा-बारा किरकोळ विषयांबरोबर चर्चेविना एका मतात मंजूर. मी एकदा अशाच एका सभेला गेले होते. फुटपाथवरच्या झाडांवर पाऊण तास वाद झाला आणि केंद्राच्या मागण्या अर्ध्या मिनिटात संपल्या. माझं मत विचाराल तर नागरिकांनी झाडांपेक्षा तिथे हात वर करायला हवा होता. मीही केला नाही.

मसुदा दोन तऱ्हांचा असतो. एका तऱ्हेत पंधरा पानं: घरं, बेघर, हवामान, पोलीस, ब्रॉडबँड, सगळ्याला पाठिंबा. एक ना धड, भाराभर चिंध्या. याचा उपयोग एवढाच की एखादं विधेयक अचानक आलं तर महापौराला कौन्सिलची परवानगी न घेता पाठिंब्याचं पत्र धाडता येतं. दुसऱ्या तऱ्हेत तीन-चारच कामं, प्रत्येकाचं एक पान: काम काय, कोणत्या विधेयकात, किती पैसे, शहर स्वतः किती घालणार, परवाने कुठवर आलेत. वॉशिंग्टनमधल्या खासदाराच्या कचेरीतल्या तरुण सहायकाच्या हातात राहतं ते हे पान. शहराचा वाटा हा यातला दुखरा भाग. इंजिनियर कोअरच्या किनारा प्रकल्पात पहिल्या बांधकामाला साधारण 65 टक्के केंद्र आणि 35 टक्के स्थानिक. व्हर्जिनियातल्या नॉरफोकची गोष्ट घ्या. तिथे पूर आणि वादळापासून संरक्षणाचा प्रकल्प 260 कोटी डॉलरचा आहे. केंद्राने हो म्हटलं तरी उरलेलं कुठून आणायचं, यावर ते शहर अजून डोकं धरून बसलंय. म्हणून छोट्या गावाच्या यादीत गरजेचं पण न झेपणारं काम मुद्दामच मागे ठेवतात.

यादीत खरी कसब लागते ती भाषेची. ‘आमची मुलं पोहू शकत नाहीत’ हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. वॉशिंग्टनमध्ये हळहळ व्हायची. पण आमच्या उत्तरेला कोरोनाडोत नौदलाच्या ‘सील’ कमांडोंचं प्रशिक्षण होतं, त्याच पाण्यात. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा तपासणी अहवाल 2025 च्या सुरुवातीला बाहेर आला: 2019 ते 2023 या काळात तिथल्या प्रशिक्षणार्थींमध्ये पोटाच्या तीव्र विकाराच्या 1,168 केसेस. सीमेवर गस्त घालणारे जवानही आजारी पडत होतेच. एका रात्रीत आमचं गटार राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झालं. मला राग आला होता. शेजारच्या बाईच्या नातवाचा दमा पुरेसा नव्हता का? पण मान्य करते की ज्या खासदाराला कॅलिफोर्नियाच्या समुद्राशी देणंघेणं नाही, तो कमांडोंसाठी ऐकून घेतो.

मागितलेलं सगळं मिळतं असंही नाही. आणीबाणी जाहीर करा, ही मागणी राज्यपालांकडे आणि राष्ट्राध्यक्षांकडे वर्षानुवर्षं गेली, झाली नाही. नदीचं खोरं अतिप्रदूषित जागांच्या केंद्रीय यादीत घाला, हा अर्ज पर्यावरण संस्थेने जानेवारी 2025 मध्ये फेटाळला. खटलाही झाला: 2018 मध्ये इंपीरियल बीच, शेजारचं चुला विस्टा आणि सॅन डिएगो बंदर, तिघांनी मिळून सीमा आयोगावर दावा लावला, 2022 मध्ये तडजोड झाली. एकाच वर्षात आयोगावर दावाही आणि त्याच आयोगाला जास्त पैसे द्या म्हणून रदबदलीही. घरात भांडायचं आणि सासरी कौतुक करायचं, तसं.

आणि कधी कधी पत्त्यांचा बंगला एका फुंकरीत पडतो. खासदारांनी आपापल्या भागातल्या ठरावीक कामांसाठी बजेटात ओळ घालायची प्रथा 2011 मध्ये बंद झाली होती, 2021 मध्ये नव्या नावाने सुरू झाली. गेली काही वर्षं कनिष्ठ सभागृहातल्या प्रत्येक प्रतिनिधीला पंधरा कामं सुचवता येत होती, त्या पंधरांत शिरायला शेजारी शहरांत चुरस. मार्च 2025 मध्ये पूर्ण बजेटाऐवजी जुन्याच बजेटाला मुदतवाढ मिळाली आणि देशभरातली अशी सगळी कामं एका फटक्यात गळाली. पुढच्याच महिन्यात आपत्तीआधी तयारीसाठी शहरांना मिळणारी मोठी अनुदान योजना केंद्राने गुंडाळली. राज्यं कोर्टात गेली.

दलालीचा वास येतो का? थोडा येतो. पण एक गोष्ट मला आवडते: शहराने नेमलेल्या बाहेरच्या लॉबिस्टला 1995 च्या कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो. कोणाकडून किती घेतले, कोणत्या विषयावर बोलला, हे घरबसल्या कुणीही बघू शकतं. हिशेबनीस असल्यामुळे मी बघतेच.

आपल्याकडे हे होईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आपल्या खासदाराकडे वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यात समाजमंदिर होतं, समुद्र अडत नाही. मोठ्या कामासाठी शहराची वाट राज्यातूनच जाते. मालवण नगरपरिषदेने दिल्लीत माणूस ठेवला तर तो आधी मुंबईत अडकेल.

आमचं आत्ताचं सांगते. ऑगस्ट 2025 मध्ये प्रकल्पाची क्षमता साडेतीन कोटी गॅलनपर्यंत गेली, पुढचा टप्पा पाच कोटींचा. त्याआधी जुलैत दोन्ही देशांनी नव्या करारावर सह्या केल्या. आता यादीत नवं कलम हवं, असं मला वाटतं: बांधलेलं चालवायला आणि दुरुस्त ठेवायला दरवर्षी पैसे. जुना प्रकल्प देखभालीविनाच खचला होता. हे कलम घेऊन या वेळी सभेला जाणार आहे. दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात, कागदावर लिहून ठेवलंय.