पद्म पुरस्कार आणि घरातली मारहाण

प्रश्न : बायकोला मारहाण केल्याचा खटला चालू असलेल्या एका नटाला पद्म पुरस्कार द्यावा, असं त्याचे चाहते म्हणतात. अभिनय उत्तम असेल तर खासगी वागणं बघायचं का?

उत्तर : बघायचंच. चित्रपटाचं बक्षीस एका भूमिकेला मिळतं. पद्म पुरस्कार माणसाला मिळतो, राष्ट्रपतींच्या सहीच्या सनदेसह. घटस्फोट, दारू, तिरसट स्वभाव यांत सरकारने नाक खुपसू नये. पण मारहाण ही खासगी बाब नाहीच, तो गुन्हा आहे. आरोप खोटाही असू शकतो, हे मान्य. म्हणून निकालापर्यंत थांबावं. पुरस्कार दरवर्षी जाहीर होतात. खटला लांबला तर सन्मानही लांबू दे! जिने मार खाल्ल्याचं सांगितलंय, तिने राष्ट्रपती भवनातला तो सोहळा टीव्हीवर का बघावा?

आधीच दिलेल्या पुरस्काराचं काय, असं तुम्ही विचाराल. नियमांत सोय आहे. राष्ट्रपती पुरस्कार रद्द करू शकतात. मग नोंदवहीतून नाव खोडलं जातं, पदक आणि सनद परत करावी लागते. गुन्हा सिद्ध झाल्यावर ही तरतूद न कचरता वापरायला हवी. आणि पद्मसाठी नामांकन कुणीही नागरिक ऑनलाइन करू शकतो. तुमच्या मनात योग्य नाव असेल, तर ते जरूर पाठवा.