नवरा अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधून कुवेतला जातोय. मला नोकरीवरून पगारी रजा मिळेल का?

तुमचं घर न्यू जर्सीत एडिसनला, नोकरी मॅनहॅटनमधल्या ऑफिसात, घरात चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, आणि एचआरने सांगितलंय की ‘फॅमिली लीव्ह फक्त बाळंतपणासाठी असते’. एचआरचं म्हणणं चूक आहे. तुम्हाला रजा मिळेल, आणि तीही पगारी.

ती मिळेल न्यूयॉर्कच्या कायद्याने. हा हक्क राहता कुठे यावर नाही, काम कुठे करता यावर ठरतो. न्यू जर्सीची योजना बाळासाठी आणि घरच्यांच्या आजारपणासाठी पैसे देते, तैनातीसाठी देत नाही. म्हणजे तुमची शेजारीण एडिसनमध्येच नोकरी करत असेल, तर तिचा नवरा त्याच विमानाने गेला तरी तिला हे पैसे नाहीत. मला हे फार अन्यायाचं वाटतं. तिच्याकडे उरतो तो संघराज्याचा कायदा, एफएमएलए. त्यात २००८ पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी १२ आठवड्यांची तरतूद आहे, पण ती बिनपगारी, आणि तीही कंपनीत किमान ५० माणसं असतील तरच.

न्यूयॉर्कची पेड फॅमिली लीव्ह (पीएफएल) १ जानेवारी २०१८ ला सुरू झाली आणि तैनाती तिच्यात पहिल्यापासून आहे. आठवड्याला २० तास किंवा जास्त काम करत असाल आणि सलग २६ आठवडे झाले असतील, तर तुम्ही पात्र. वर्षात १२ आठवडे, सरासरी पगाराच्या ६७ टक्के. त्याला कमाल मर्यादा आहे, २०२५ साली ती आठवड्याला १,१७७ डॉलर ३२ सेंट होती. नोकरी राखून ठेवावी लागते, आरोग्य विमाही चालू राहतो. व्हिसा कुठला, नागरिकत्व कुठलं, हे कुणी विचारत नाही. हे पैसे कंपनीच्या खिशातून जात नाहीत. प्रत्येक पगारातून तुमचीच वर्गणी कापली जाते, त्यामुळे मागताना संकोच करू नका.

माझा नवरा नॅशनल गार्डमध्ये आहे. आम्ही यातून गेलोय, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

नवरा गेला म्हणून मन लागत नाही, या कारणासाठी रजा नसते. तैनातीमुळे अंगावर आलेलं नेमकं काम दाखवावं लागतं. पण अशा कामांची व्याप्ती बरीच मोठी आहे. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, बँकेच्या खात्यावरच्या सह्या, डिअर्स या लष्करी नोंदणी यंत्रणेत कुटुंबाची नोंद, लष्करी ओळखपत्र हे सगळं चालतं. मुलासाठी नवं डेकेअर शोधणं, शाळेत शिक्षकांना भेटणं चालतं. रोज त्याला सांभाळायला घरी राहणं चालत नाही. सासूबाईंना स्वतःचं स्वतः करता येत नसेल आणि आजवर तुमचा नवराच त्यांचं बघत असेल, तर त्यांची सोय लावण्यासाठीही रजा आहे. ही बाब आपल्याकडच्या घरांत फार उपयोगी पडते, आणि कुणी आपणहून सांगत नाही. समुपदेशनासाठीही रजा मिळते, तुमच्या आणि मुलाच्याही. ते टाळू नका. मुलं बोलत नाहीत, पण जेवण-झोपेतून सगळं दाखवतात.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की सगळी रजा निघण्याच्या वेळी संपवू नका. सुटे दिवस घेता येतात, आठवड्याला पाच दिवस काम असेल तर साठ दिवस होतात. तो मध्येच विश्रांतीच्या सुट्टीवर आला तर ते दिवस त्याच्यासोबत घालवायला रजा मिळते. तैनाती संपल्यावर ९० दिवसांपर्यंत स्वागत समारंभ आणि यलो रिबनसारख्या, परतलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असलेल्या कार्यक्रमांसाठीही घेता येते. परतल्यानंतरचे आठवडे आमच्या घरात निघण्यापेक्षा अवघड गेले. तो घरात असून घरात नसायचा, आणि मुलीला त्याच्या हातून जेवायचं नव्हतं. त्या काळासाठी दिवस शिल्लक होते याचं मला आजही समाधान आहे.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भागात घराघरांत फौजी. रजा जवानाला मिळायची, मागे राहिलेल्या बाईला शेत, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा यातून कसली रजा? तिचंही ओझं कायद्याने मोजावं, ही गोष्ट मला मोठी वाटते, आणि ती प्रत्येक राज्यात असायला हवी. कॅलिफोर्नियाने अशी पगारी रजा २०२१ पासून दिली. वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, कोलोरॅडोतही आहे.

आता कागद. पीएफएल-१ हा अर्ज आणि पीएफएल-५ हे लष्करी कारणाचं पत्रक. पीएफएल-१ चा कंपनीचा भाग त्यांनी तीन कामाच्या दिवसांत भरून परत द्यायचा असतो. मग दोन्ही तुमच्या ऑफिसच्या पीएफएल विमा कंपनीकडे पाठवा, सोबत तैनातीच्या ऑर्डरची प्रत आणि ज्या कामासाठी रजा हवी त्याचा पुरावा, म्हणजे वकिलाची किंवा शाळेची भेट ठरल्याचा कागद. निर्णय विमा कंपनीचा असतो, एचआरचा नाही, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १८ दिवसांत तिने उत्तर द्यायचं असतं. शक्य असेल तर ३० दिवस आधी ऑफिसला लेखी कळवा. ऑर्डर अचानक आले असतील तर जमेल तितक्या लवकर कळवलं तरी चालतं. आणि ऑर्डरच्या दोन-तीन प्रती नवरा घरी असतानाच काढून घ्या, कारण तो तिकडे पोचल्यावर एखादा कागद मागवायला आठवडेही लागू शकतात.