'संत' आणि 'सेंट'

येशूचा शिष्य 'संत पेत्र' (सेंट पीटर) यातला 'संत' हा इंग्रजी 'सेंट'चाच मराठी अवतार आहे काय, आणि मोशे, एलिया अशा बायबलच्या जुन्या करारातील (येशूपूर्व काळातील) व्यक्तींना तो लावणे योग्य आहे काय, असा प्रश्न विचारला गेला आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. हे दोन्ही शब्द एकाच धातूतून निघाल्याचे मोठमोठे वक्तेही सांगत असतात, पण त्यांच्या हाती ध्वनिसाम्याखेरीज कोणताही पुरावा नाही. 'सेंट'चे मूळ लॅटिन 'सांक्तुस'. 'सांकिरे', म्हणजे विधिपूर्वक अनुल्लंघनीय ठरवणे, या क्रियापदाचे हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित. आपला 'संत' मात्र 'सत्'च्या 'सन्तः' या अनेकवचनी रूपावरून आला, आणि 'सत्' हे 'अस्' धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित. म्हणजे सांक्तुस हा ठरवला गेलेला, तर संत हा असणारा.

'संत'चा लॅटिनमधला खरा भाऊ 'सोन्स' (षष्ठीत 'सोन्तिस') हा आहे, आणि त्याचा अर्थ चक्क 'अपराधी' असा होतो! ज्याने कृत्य केले 'तो हाच आहे', या भावनेतून 'असणारा' तिकडे दोषी झाला आणि इकडे सज्जन. 'ॲब्सेंट'मधला 'सेंट'सुद्धा याच 'असणे'च्या कुळातला आहे, 'सेंट पीटर'मधला नाही. येशूबरोबर क्रुसावर दिलेला पश्चात्तापी अपराधी, ज्याला शुभवर्तमानकार लूकने नाव दिलेले नाही पण परंपरा दिस्मास म्हणते, त्याच्याइतका या तिन्ही शब्दांना चपखल बसणारा माणूस मला दुसरा दिसत नाही: तो सोन्स होता, सांक्तुस झाला, आणि मराठीत संत आहे.

मोशे आणि एलिया यांच्याबद्दल संकोचाचे कारण नाही, कारण रोमन हुतात्मासूचीत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या संतांच्या अधिकृत दिनवार यादीत, मोशेचा दिवस 4 सप्टेंबर आणि एलियाचा 20 जुलै असा नोंदलेला आहे. 'पोपने जाहीर केल्याशिवाय संत नाही' हा आक्षेप इथे टिकत नाही. पोपने संतपद जाहीर केल्याची पहिली ज्ञात नोंद 993 सालची, जर्मनीतील आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांची आहे, आणि पेत्र, योसेफ किंवा दावीद यांपैकी कोणीही त्या प्रक्रियेतून गेलेला नाही. परंपरेने त्यांना संत म्हणून ओळखले, ठरवले नाही; म्हणून बायबलमधील या मंडळींना 'सांक्तुस'पेक्षा आपला 'असणारा' संतच व्याकरणदृष्ट्या अधिक शोभतो, असे माझे आग्रहाचे मत आहे.